त्रिराष्ट्र करारातील इटली
पहिल्या महायुद्धापूर्वी युरोप एकीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली आणि दुसरीकडे फ्रान्स, रशिया व ब्रिटन अशा दोन अभेद्य गटांत विभागला गेला होता, असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण इटली. १८८२ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीबरोबर त्रिराष्ट्र करार करणाऱ्या या देशाने १९०२ मध्ये फ्रान्सला तटस्थतेचे गुप्त आश्वासन दिले आणि तरीही १९१२ मध्ये मूळ कराराचे नूतनीकरण केले. (दोन्ही डगरींवर हात ठेवणे म्हणतात ते हेच!) मात्र ऑस्ट्रियाचेही चुकलेच: बाल्कनमध्ये काही बदल घडवायचा झाल्यास इटलीशी आधी बोलून मोबदला ठरवण्याचे बंधन सातव्या कलमात असूनही, जुलै १९१४ मध्ये सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडताना व्हिएन्नाने रोमला विश्वासात घेतले नाही. इटली तटस्थ राहिली. पुढच्या एप्रिलात ब्रिटन, फ्रान्स व रशियाशी झालेल्या लंडनच्या गुप्त तहाने ऑस्ट्रियाच्या ताब्यातील त्रिएस्ते हे बंदर पदरात पडण्याची हमी मिळताच, मे महिन्यात तिने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले.