आधी हॉल, मग सूर

डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) नावाप्रमाणेच डिजिटल असते, म्हणून लोकांना वाटतं की तिच्यावरचं गाणं एकतर पूर्ण असेल नाहीतर अजिबात नसेल. प्रत्यक्षात ती टप्प्याटप्प्याने हार मानते. थोडी चूक असेल तर यंत्र ती गणिताने दुरुस्त करतं. जास्त असेल तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतं. तेही जमलं नाही तर गप्प बसतं. दादांच्या १९९४ च्या टेपवर ते जवळजवळ सेकंदभर गप्प बसलं होतं, आणि तेही नेमकं ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ट्रॅकचा ठेका थांबतो त्या भागात. तिथे किक नाही, बास नाही, तडजोड लपवायला काहीच नाही.

दादा मूळचे दादरचे. तेव्हा लंडनमध्ये मित्राच्या स्टुडिओत ट्रान्स संगीत करायचे आणि हिवाळ्यात टेपा घेऊन हणजूणला यायचे. गोव्याच्या त्या पार्ट्यांमध्ये डीजे तबकड्यांपेक्षा डॅटवरच जास्त वाजवायचे. उन्हात विनाइल वाकडं होतं, आणि कालच मिक्स केलेला ट्रॅक आज वाजवायचा तर टेपेसारखी सोय दुसरी नव्हती. सोय होती, टिकाऊपणा नव्हता. शिवोलीच्या घरातल्या कपाटात या टेपांनी इतके पावसाळे काढले की खोक्यावर बुरशीची नक्षी उमटली होती. लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने माझ्या डेकची हेड साफ करून दिली म्हणून एवढं तरी निघालं. डॅट डेक उघडता येणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारं कोणी नाही, हे जाता जाता सांगतो.

युरोपातलं एक लेबल तो ट्रॅक विनाइलवर पुन्हा काढणार होतं. माझं काम भोक बुजवायचं.

ट्रॅक १४४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १४४ ठोके. त्या जागी दर दोन बारला (आठ ठोक्यांना) एक स्टॅब, म्हणजे एक छोटा तुटक सूर, वाजतो, म्हणजे सुमारे सव्वातीन सेकंदांनी एक, आणि मधल्या काळात फक्त त्याचा रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखा घुमारा, विरत जातो. असे चार स्टॅब. पहिला षड्ज धरला तर तिसरा पंचम, आणि भोक त्या पंचमाच्या शेपटीत. स्टॅबचा पहिला ठोका व्यवस्थित आहे, पुढे साधारण ०.३ सेकंद शाबूत आहेत, मग ०.९ सेकंद काही नाही, आणि मग शेवटचा तुकडा परत ऐकू येतो. दुसरीकडून उचलून चिकटवावं तर हा सुरांचा क्रम ट्रॅकमध्ये एकदाच येतो, आणि बाकीच्या स्टॅबांच्या खाली आधीच्या अ‍ॅसिड लाइनचा, म्हणजे सिंथच्या धुनेचा, प्रतिध्वनी अजून वाहत असतो.

दादांची अट एकच होती. “बाकी काय करायचं ते कर. रिव्हर्ब मात्र लेक्सिकॉनचाच पाहिजे. तो मी स्वतः लावलाय, रात्रभर नॉब फिरवलेत.”

लेक्सिकॉन ही डिजिटल रिव्हर्बची यंत्रं बनवणारी कंपनी. तिच्या त्या मशीनचा जो रिमोट टेबलावर ठेवतात, त्यावर नॉब नसतात, स्लायडर असतात. पण तीस वर्षांनंतर हाताच्या आठवणीत एवढी गडबड होणारच, म्हणून मी मान डोलावली.

रिव्हर्ब ओळखताना मी आधी नाव शोधत नाही. हल्लीच्या पोरांचा पहिला प्रश्न ‘कुठलं प्लगइन?’ आणि दुसरा ‘कुठला प्रीसेट?’ असा असतो, आणि प्लगइन, म्हणजे यंत्रांची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं, विकणाऱ्यांनीच तो त्यांच्या तोंडी घातला आहे. कानाला वेगळ्याच गोष्टी विचाराव्या लागतात. ठोका आणि रिव्हर्ब यांच्यात किती फट आहे? दाटपणा लगेच येतो की फुलत जातो? प्लेट रिव्हर्ब पहिल्या क्षणापासून दाट असतो, कारण पोलादी पत्र्यातून लहर जाताना उंच स्वर पुढे पळतात आणि खालचे मागे राहतात. स्प्रिंग रिव्हर्ब तर ठोक्यावर चक्क चिवचिवतो. जुन्या डिजिटल मशीनचा हॉल (मोठ्या सभागृहाची नक्कल) सावकाश फुलतो आणि त्याच्या शेपटीत सूर किंचित झुलतो. शिवाय प्रत्येक जुन्या मशीनला एक छत असतं: ठरावीक उंचीच्या वरचे स्वर त्यातून बाहेर येतच नाहीत. १९७८ च्या लेक्सिकॉन २२४ चं छत सुमारे ८ किलोहर्ट्झवर आहे. त्या आवाजाला लोक ‘उबदार’ म्हणतात. ती ऊब म्हणजे मुख्यतः वरचे स्वर गायब असणं.

पहिल्या स्टॅबचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या स्वरांचा आलेख) काढला तर छत बरोबर ८ किलोहर्ट्झवर. फुलणं सावकाश, सूर झुलता. दादा जिंकले असं वाटलं. षड्जाची शेपटी सेकंदाला २० डेसिबल उतरत होती, म्हणजे डिके टाइम (६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ) ३ सेकंद. प्रीडिले, म्हणजे ठोका आणि रिव्हर्ब यांच्यातली फट, ३६ मिलिसेकंद. हे आकडे २२४ ची नक्कल करणाऱ्या प्लगइनमध्ये घातले, स्टॅबचा कोरडा आवाज सिंथवर बांधला, पंचमावर वाजवला आणि भोकात बसवला.

पुढची शिवण बसली, पण मागची काही केल्या बसेना. ठोक्यापासून १.२ सेकंदांवर, जिथे टेप परत बोलायला लागते, तिथे माझी शेपटी तब्बल १२ डेसिबल मोठी होती. बरं, डिके कमी केला तर पातळी जुळायची पण आवाज बंद खोलीतला वाटायचा. टेपवरचा तुकडा लहान होता आणि उजळही होता. खोलीत असं होत नाही. उंच स्वर आधी मरतात, म्हणून शेपटी जसजशी उतरते तसतशी ती काळवंडते. इथे उलटंच चाललं होतं.

एखाद्या हॉलचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका ठोक्याला हॉलने दिलेल्या प्रतिसादाचा नमुना, घेऊन कन्व्होल्यूशनने तो स्टॅबवर लावून बघावा, असा सल्ला एका मित्राने दिला. पण झुलणाऱ्या रिव्हर्बचा इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे हलत्या पाळण्याचा फोटो. पाळणा दिसतो, झोका हरवतो. आवाज ऐकून रिव्हर्ब आपोआप जुळवणारी सॉफ्टवेअरंही हल्ली निघाली आहेत. तीही चालवली. त्यांचं उत्तर नेहमी सरासरीचं, सगळ्या स्टॅबांना एकच खोली मानून दिलेलं.

आमच्याकडे असिस्ट करणाऱ्या मुलीला मशीनची नावं पाठ नाहीत. त्यामुळे ती ऐकते. पहिला आणि तिसरा स्टॅब तिने पाठोपाठ ऐकले आणि म्हणाली, “सर, नुसता सूर नाही, हॉलपण वर चढलाय.”

हसायच्या बेतात होतो, पण हसलो नाही आणि मोजलं. पंचमाच्या उरलेल्या तुकड्यात छत ८ वर नव्हतं, १२ वर होतं. शेपटी सेकंदाला २० नव्हे, ३० डेसिबल उतरत होती. सुरुवातीचा भाग शाबूत असल्याने प्रीडिलेही मोजता आला: २४ मिलिसेकंद. झुलणंही त्याच प्रमाणात वेगवान. सगळीकडे दीडपट किंवा त्याच्या उलट. आणि षड्जापासून पंचमाचं अंतर म्हणजे दीडपट.

मग शेपटीचं टोक पाहिलं. षड्जाचा रिव्हर्ब २.४ सेकंदांवर सुरीने कापल्यासारखा थांबतो. पंचमाचा १.६ वर. एवढ्या हळू आवाजात ते सहज ऐकू येत नाही, पण एकदा दिसलं की सुटत नाही.

म्हणजे त्या स्टॅबला रिव्हर्ब लावलेलाच नव्हता. तो आवाजासोबत आला होता. कोणीतरी स्टॅब त्याच्या हॉलसकट सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाज साठवून कीबोर्डवर वाजवणाऱ्या यंत्रात, घेतला होता, बहुधा एखाद्या सॅम्पल सीडीवरून किंवा दुसऱ्याच्या तबकडीवरून, आणि कीबोर्डवर वरची पट्टी दाबली की हॉलसकट सगळंच वेगाने पळत होतं. खोली लहान होत होती, भिंती उजळत होत्या. स्टुडिओत कुठला सॅम्पलर होता ते दादांना विचारलं तर उत्तर तयार होतं: अकाई एस९५०. १९८८ चं १२ बिटांचं यंत्र. मूळ मेमरी ७५० किलोबाइट, आणि त्यातच ड्रम, बास, स्टॅब सगळं कोंबायचं. म्हणून लोक सॅम्पलिंगचा वेग मुद्दाम कमी ठेवायचे. त्यावर सेकंदाला २० हजार नमुने घेतले तर जेमतेम ८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो. ज्या छताला आम्ही लेक्सिकॉनची सही समजत होतो, ती काटकसर होती.

यानंतरचं काम मला मनापासून आवडलं. शाबूत उरलेला पंचमाचा ठोका दीडपट हळू करून षड्जावर आणला. त्याला आधार धरून कोरडा स्टॅब पुन्हा बांधला. त्याला षड्जावरच हॉल लावला: ३ सेकंद, ३६ मिलिसेकंद, सावकाश फुलणारा. मग ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं, १२ बिटांवर आणलं, २.४ सेकंदांवर निर्दयपणे छाटलं, आणि शेवटी तो अख्खा गठ्ठा टेप पळवावी तसा दीडपट वेगाने वाजवला. सूर बदलायचा पण लांबी तशीच ठेवायची हे आजच्या सॉफ्टवेअरचं लाडकं कौशल्य. ते इथे बंद करावं लागलं. आधी हॉल, मग सूर. उलट क्रमाने दहा लाखांची यंत्रं लावली असती तरी ती शिवण बसली नसती. इथे पातळी बसली, रंग बसला, खरखरही बसली.

खरं तर इथेच बिल पाठवून मोकळा व्हायला हवा होतो. पण १.६ सेकंदांनंतर टेपवर काहीतरी उरत होतं. सॅम्पल तुटल्यावर खाली, ऐकण्याच्या काठावर, आणखी एक बारीक शेपटी चालू होती. माझ्या तुकड्यात ती नव्हती. आवाज ३० डेसिबल वाढवून ऐकली. लांब, रेशमी, झुलती. षड्जामागे आणि पंचमामागे ती अगदी सारख्याच वेगाने विरत होती आणि सारखीच झुलत होती. सुराबरोबर न हलणारी खोली. म्हणजे हा रिव्हर्ब मिक्स करताना डेस्कवरून लावलेला होता. त्याला छतही त्या सॅम्पलरचं नव्हतं.

दादांचा लेक्सिकॉन होता, तर. फक्त त्याचा फेडर (पातळी ठरवणारी सरकपट्टी) इतका खाली की त्यांनी आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला, तो आवाज दुसऱ्याच कोणाचा होता.

दादा मुंबईत आले तेव्हा आधी त्यांना सॅम्पलची शेपटी एकटी ऐकवली, कापलेल्या टोकासकट. “हे काय आहे? हे माझं नाही.” मग ती बारीक शेपटी वाढवून ऐकवली. खुर्चीत सरसावून बसले. “हा! हाच. सांगितलं होतं ना तुला?” मी आलेख दाखवले, आकडे सांगितले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि आलेख बघितलेच नाहीत. कलाकाराला पुरावा दाखवायला जाऊ नये, हे या धंद्यात फार उशिरा कळतं.

मग म्हणाले, “एक काम कर. तू जो तुकडा भरतोयस, त्यात हा लेक्सिकॉन सहा डेसिबल वर घे.”

मी म्हणालो, “दादा, बाकी तीन स्टॅबांमागे तो एवढा नाहीये. एकाच ठिकाणी फुगेल.”

“किती लावला होता ते मला माहीत आहे. मी लावला होता. टेपेवर कमी आला असेल.”

टेपेवर असं कमी येत नाही. एखादा रिव्हर्ब तेवढा सहा डेसिबल खाली उतरवून बाकी सगळं जागच्या जागी ठेवेल असा दोष डॅटमध्ये नसतो, आणि हे त्यांनाही माहीत आहे. पण ट्रॅक त्यांचा, भोक त्यांच्या टेपचं, पैसेही तेच देणार. माझं काम टेपवर जे होतं ते परत आणायचं की माणसाने जे करायला घेतलं होतं ते, हे कंत्राटात कुठे लिहिलेलं नसतं. लेबलला विचारलं असतं तर त्यांनी ‘अस्सल’ या शब्दावर लांबलचक मेल लिहिला असता आणि निर्णय माझ्यावरच टाकला असता.

दोन फाइली करून दिल्या. एकीला नाव दिलं ‘टेपप्रमाणे’, दुसरीला ‘दादांप्रमाणे’. दुसऱ्या फाइलीत चारही स्टॅबांमागे तो हॉल थोडा थोडा वर घेतला, म्हणजे निदान फुगवटा दिसू नये. त्यासाठी दोन रात्री फुकट काम केलं, कोणी सांगितलं नसताना. आणि अडचण अशी आहे की दुसरी फाइल जास्त चांगली वाजते. सॅम्पल तुटतं आणि त्याच्या मागून खरी खोली उघडते, जशी १९९४ मध्ये कोणाच्या तरी मनात असणार. असिस्टंट मुलीला दोन्ही न सांगता ऐकवल्या. तिने दुसरी निवडली आणि म्हणाली, “पण पहिली खरी आहे ना?”

लेबलकडे दादांनी एकच फाइल पाठवली आहे. कुठली, ते मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. टेस्ट प्रेसिंग (चाचणीची तबकडी) आलं की तिसऱ्या स्टॅबनंतर १.६ सेकंदांच्या पुढे काय उरतं, ते ऐकणार आहे.