मालवणच्या खडपातले पाच दिवस

मालवणच्या पाण्यात खाली उतरताना सगळ्यांत आधी लाल रंग हरवतो. माझ्या मनगटावरचा देवळातला लाल दोरा सहा मीटरवर पार तपकिरी दिसायला लागला. नुसत्या नजरेवर इथे भागणार नाही, हे तिथेच लक्षात आलं. म्हणून आमच्या प्रत्येकाच्या हातात रंगांची एक चौकोनी पट्टी होती. प्रवाळाशेजारी ती धरायची, कुठली छटा जुळते ते बघायचं आणि पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. खाली पाणी जो खेळ प्रवाळाच्या रंगाशी करतं, तोच पट्टीच्या रंगाशीही करतं, त्यामुळे तुलना खरी राहते.

मी कोल्हापूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. दरवर्षी फळ्यावर पॉलिप, म्हणजे प्रवाळातला एकेक इवलासा जीव, काढते, मधोमध तोंड, भोवती शुंडकं, शुंडकांवर दंशपेशी. मुलांची ती आकृती पाठ असते, माझीही. पण जिवंत प्रवाळ मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि फोंडा घाट उतरून गेलं की ते होतं! मागच्या वर्षी तारकर्लीला स्कूबाचा पहिला परवाना घेतला तो याचसाठी. या डिसेंबरात प्रवाळ ओळखण्याच्या पाच दिवसांच्या शिबिरात नाव घातलं.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. कणकवली, कसाल, मालवण, रस्ता ओळखीचा आहे. बंदरावर पोचलं की समोर सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. तटाच्या वर आपण सगळेच डोळे भरून बघतो. त्याच खडकांची पाण्याखालची बाजू बघायला मात्र कुणी थांबत नाही. किल्ला, पद्मगड आणि भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर. बाजारात दोघातिघांना विचारलं, तर अभयारण्य आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी पाण्यात मला एक मऊ, हिरवट, बटणं शिवल्यासारखा गालिचा दिसला. मी आनंदाने पाटीवर लिहिलं, ‘प्रवाळ’. वर आल्यावर आमचा प्रशिक्षक (मालवणचाच मुलगा, घरची मासेमारी) म्हणाला, “मॅडम, ह्यां प्रवाळ न्हय.” ते झोअँथिड होते. प्रवाळाचे चुलत भाऊ म्हणा, पण त्यांना चुन्याचा सांगाडा नसतो. प्रवाळाच्या चुन्यातून जे खडप उभं राहतं, त्याची बांधणी ते करत नाहीत. मोजणी करणाऱ्याने अशी चूक केली तर कागदावर प्रवाळ वाढलेलं दिसेल आणि समुद्रात ते नसेल. त्या रात्री मी खोलीवर बसून फोटो पुन्हा पुन्हा पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून नजर बसायला लागली. प्रवाळाचा प्रत्येक पॉलिप स्वतःभोवती चुन्याचा एक छोटा पेला बांधतो. ओळख पटते ती या पेल्यांवरून. फेव्हायटिस नावाच्या प्रवाळात दोन पेल्यांची भिंत एकच असते, चाळीतल्या खोल्यांसारखी. डिप्सास्ट्रियात प्रत्येकाची भिंत वेगळी आणि मध्ये बोळ, म्हणजे बैठी घरं. पोरायटिसचे पेले इतके बारीक, जेमतेम दीड मिलिमीटरचे, की लांबून ते नुसतं गुळगुळीत गोटा वाटतं. टर्बिनेरिया पत्रावळीसारखं पसरतं. आणि गोनिओपोरा! बाकीच्यांचे पॉलिप बहुतेक रात्री बाहेर येतात, याचे दिवसाउजेडी. लांब देठांवरची फुलंच. मी एका फुलाची शुंडकं मोजली. पहिल्यांदा तेवीस आली, मग पाण्याने मला हलवलं. दुसऱ्यांदा चोवीस. पुस्तकात चोवीसच सांगितली आहेत. मी मास्कच्या आत रडले, खरंच सांगते. बावीस वर्षं खडूने काढलेली गोष्ट माझ्या नाकासमोर हात हलवत होती.

टीव्हीवर दिसतात तसे हरणाच्या शिंगांसारखे फांद्याफांद्यांचे प्रवाळ मला इथे कुठेच दिसले नाहीत. कारण पाण्यातच आहे. पावसाळ्यात कर्ली आणि इतर खाड्या डोंगरातला गाळ आणून ओततात, वर लाटांचा मार. अशा गढूळ पाण्यात टिकतात ते हे ठेंगणे, गोट्यासारखे, खडकाला चिकटून राहणारे. लोक म्हणतात, अंदमानसारखं नाही हो इथे. नाहीच. पण एवढ्या गाळातही जे तग धरून आहे, ते जपण्याची निकड मला उलट जास्त वाटते.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका पोरायटिसचा व्यास मोजला, चाळीस सेंटीमीटर. असं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत वीस सेंटीमीटर, म्हणजे वीसेक वर्षं. मी नोकरीला लागले त्या सुमाराला प्रवाळाची एक सूक्ष्म अळी इथे येऊन चिकटली असणार. मी हा हिशोब करतच होते, तेवढ्यात वरून खडखड आवाज आला. पर्यटकांच्या एका होडीने नांगर टाकला होता. साखळी खडकावरून फरपटत गेली आणि शेजारच्या फेव्हायटिसचा तळहाताएवढा तुकडा उडाला. आतला चुना पांढराशुभ्र दिसला, नारळ फोडल्यावर दिसतो तसा. गाळ उठला आणि पुढची दहा मिनिटं काही दिसलं नाही.

खडप बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. वाघावर कुणी साखळी टाकेल का? आमच्या होडीचे तांडेल साठीचे होते. ते एवढंच म्हणाले, “खडपार नांगर टाकूचो नसता. आमच्या बापाशीन शिकवलेला.” मग त्यांनीच सांगितलं की खडपात नांगर अडकला तर दोर कापावा लागतो, म्हणून जुने लोक होडी वाळूवर उभी करत. प्रवाळासाठी नव्हे, नांगरासाठी. पण खडप वाचत होतं. आमची होडी ते कायम तरंगत्या पिंपाला बांधत. त्या पिंपाचा दोर खाली कायमच्या वजनाला जोडलेला असतो, म्हणजे रोज रोज नांगर टाकायची गरजच उरत नाही.

पुनर्रोपणाचं काम चौथ्या दिवशी पाहिलं. घरून निघताना मला वाटलं होतं, रोपं लावतात तसं आपण प्रवाळ लावणार. तसं नसतं. जिवंत प्रवाळ तोडायला, हलवायला वनखात्याची परवानगी लागते आणि शिकाऊ माणसाच्या हातात ते देत नाहीत. योग्यच आहे. लाटांनी किंवा नांगराने आधीच तुटलेले जिवंत तुकडे गोळा करतात, कारण वाळूत पडून राहिले तर ते घासून किंवा गाळाखाली गुदमरून मरतात. सिमेंटच्या चौकटीवर एपॉक्सीच्या लगद्याने ते चिकटवतात आणि प्रत्येकाला क्रमांक देतात. आमच्या वाट्याला आला दात घासायचा ब्रश. तुकड्याभोवतीचं शेवाळ घासून काढायचं, प्रवाळाच्या अंगाला मात्र ब्रशचा एक केसही लागू द्यायचा नाही. शेवाळ प्रवाळापेक्षा भराभर वाढतं आणि त्याच्यावर चढून उजेड अडवतं.

अंग तरंगतं ठेवायचं, श्वास लांब घ्यायचा, एका हाताने घासायचं आणि दुसरा हात छातीशी. चाळीस मिनिटांत माझे सात तुकडे झाले. पहिल्याच तुकड्यापाशी माझ्या पायातल्या पंखांनी वाळू उडवली आणि ती बरोबर प्रवाळावर जाऊन बसली. प्रशिक्षकाने हाताने हळूच पाणी ढवळून ती उडवली आणि मला दोन बोटांनी खूण केली, पाय वर. त्यानंतर गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारायला शिकले. खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत मी सगळ्यांत जास्त हेच शिकले, कुठेही न टेकता एका जागी राहणं. ज्याला ते जमत नाही, त्याने खडपाजवळ जाऊ नये असं माझं स्पष्ट मत झालंय. मग तो पाहुणा असो नाहीतर पुनर्रोपण करणारा.

आणि हे तुकडे जगतील का, याचं उत्तर चौकटीवर नाही, पाण्याच्या तापमानात आहे. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात. प्रवाळाचं बरंचसं अन्न तीच बनवतात आणि रंगही बराचसा त्यांचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते. शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं, नाहीतर उपासमारीने जातं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळं अशी पांढरी पडण्याची, घोषणा केली. म्हणून तर ती रंगांची पट्टी. छटांना एक ते सहा क्रमांक आहेत, सहा सर्वांत गडद. त्याच वसाहतीची नोंद दोन क्रमांकांनी खाली आली की काहीतरी बिघडलंय.

शेवटच्या दिवशी पाणी इतकं नितळ होतं की होडीतूनच चौकट दिसत होती. मी चौदा क्रमांकाच्या तुकड्यापाशी गेले, साखरेच्या डब्याच्या झाकणाएवढा फेव्हायटिस. एका कडेने त्याची पातळ साय सिमेंटवर उतरली होती, नखाएवढी. म्हणजे त्याने जागा धरली होती. पट्टी लावली. सर्वांत फिकी जागा चार, सर्वांत गडद पाच. पाटीवर लिहिलं आणि वर आले.

तांडेलांनी हात देऊन मला होडीत ओढलं आणि विचारलं, “जिता असा?”

“असा,” मी म्हटलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. तेव्हा पाणी सर्वांत तापलेलं असतं आणि पावसाळ्यासाठी डायव्हिंग बंद व्हायला थोडेच दिवस उरलेले असतात. चौदा नंबरची पुढची नोंद तेव्हा करायची आहे.