आतून भाजलेले पिल्लू

"डॉक्टर, भरवलेलं सगळं छातीतून बाहेर येतंय," असे म्हणत एका महाविद्यालयीन तरुणाने सन कोन्यूर पोपटाचे पिल्लू माझ्या टेबलावर ठेवले. त्याच्या गळ्याखाली काळी, कडक खपली होती. तिच्या एका कडेने पातळ अन्न पाझरत होते आणि भोवती हळदीचा लेप वाळला होता. मांजराने ओरबाडले असावे, असा घरच्यांचा समज होता. प्रत्यक्षात जखम आतून बाहेर आली होती.

गळ्याखालची अन्न साठवणारी पिशवी, म्हणजे अन्नपुट, आणि तिच्यावरची त्वचा दोन्ही पिल्लांत अतिशय पातळ असतात. भरवण्याचे अन्न साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअस असावे लागते. ४३ च्या पुढे गेले की त्याने अन्नपुट भाजू शकते. त्या दिवशी बाहेरून काहीच कळत नाही. पुढे लाली आणि सूज येते, मेलेली त्वचा काळी पडते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत भोक पडते. पोपट आपल्या पिल्लाला स्वतःच्या अन्नपुटातले, शरीराइतकेच उबदार अन्न भरवतात, त्यामुळे ही जखम माणसाच्या हाताखालीच होते.

हा तरुण मात्र निष्काळजी मुळीच नव्हता. त्याच्या वहीत रोजचे वजन, प्रत्येक वेळचे मिलिलिटर, ब्रूडरचे, म्हणजे पिल्लाला ऊब देणाऱ्या पेटीचे, तापमान, सारे टिपलेले होते. त्यातच मला हवी ती नोंद सापडली: 'सकाळी मायक्रोवेव्हमध्ये गरम केले, दुसऱ्या घासाला मान झटकली.' त्यानंतर वजन आधी थबकले, मग उतरत गेले. विक्रेत्याने शिकवल्याप्रमाणे तो मनगटावर थेंब टाकून अन्न तपासत असे. मायक्रोवेव्हमध्ये अन्न सारखे तापत नाही. थेंब कोमट लागला तरी सिरिंजमध्ये कढत भाग जाऊ शकतो.

"आजच टाके घाला," असा घरच्यांचा आग्रह होता. मेलेली आणि जिवंत त्वचा यांची सीमा स्पष्ट होण्याआधी घातलेले टाके तुटतात, हे त्यांना समजावणे शस्त्रक्रियेहून कठीण गेले. तोवर त्वचेखाली द्रव, बुरशीरोधक औषध आणि थोडे थोडे अन्न वारंवार, एवढ्यावर पिल्लाला तगवले. खपली सुटू लागल्यावर भूल दिली, अन्न श्वासनलिकेत उतरू नये म्हणून तीत नळी बसवली आणि अन्नपुटाला चिकटलेली त्वचा अगदी सावकाश वेगळी केली. या कामात घाई केली की पातळ पडदा फाटतो. मृत कडा कापून आधी अन्नपुट आणि मग त्वचा, असे दोन स्वतंत्र थर विरघळणाऱ्या बारीक धाग्याने शिवले. दोन्ही एकत्र शिवले तर पुन्हा गळती लागण्याची भीती असते.

जखम भरली, वजन चढू लागले. तरीही स्वतः खायला न शिकलेली पिल्ले 'लवकर माणसाळतात' म्हणून नवख्या माणसांना विकण्याची पद्धत मला क्रूर वाटते. मी त्या विक्रेत्याला फोन केला, त्याच विणीतली बाकीची पिल्ले कोणाकडे गेली ते विचारले आणि प्रत्येक पिल्लासोबत थर्मामीटर व तापमानाची चिठ्ठी देण्याची विनंती केली. पत्ते त्याने दिले नाहीत. चिठ्ठीबद्दल तो म्हणाला, "असं काही लिहून दिलं की गिऱ्हाईक घाबरतं, साहेब."