पांढरीची अर्धी वाटी

आमच्या घरात कोंबडी पाळली जाईल असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं जुनं मराठी घर, अंडं सुद्धा बाहेरच खायचं, आणि आता मागच्या अंगणात दोन कोंबड्या आहेत, पांढरी आणि तांबडी.

पांढरी नोव्हेंबरात सापडली. सकाळी मी आणि हे परत येत होतो, पुढे कोंबड्यांच्या जाळ्या भरलेला टेम्पो होता आणि त्यातून एक खाली पडली, टेम्पो निघून गेला आणि ती रस्त्याच्या मधोमध तशीच बसून राहिली, उठतच नव्हती. ह्यांनी गाडी थांबवली, मी ओढणीत गुंडाळून घेतली. छातीवरची पिसं गेलेली, कातडी लालभडक, अंगाला असा अमोनियाचा वास की गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या.

पहिली चूक मी घरी पोचल्या पोचल्या केली. ती अर्धमेली दिसत होती म्हणून मी लगेच दाणे समोर ठेवले. खरं म्हणजे गारठलेल्या पक्ष्याला आधी ऊब द्यायची, मग पाणी, आणि खाणं सगळ्यात शेवटी. हे शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्यांचं माहेर खेड्यातलं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली, तासाभराने तिने चोच पाण्यात बुडवली, मान वर करून घोट घेतला. ती मान वर करायची पद्धत मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली, प्रत्येक घोटाला मान वर, कारण कोंबडीला आपल्यासारखं पाणी आत ओढून गिळता येत नाही.

जवळच्या एका क्लिनिकमधे फोन केला तर "ती खायची कोंबडी आहे, तिचा इलाज कशाला" असं उत्तर मिळालं. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. मग महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात घेऊन गेलो, तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी परतीच्या वाटेवर गप्पच होते. ही ब्रॉयलर जात आहे, सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास व्हावी म्हणूनच ती तयार केलेली. तिची भूक थांबतच नाही, समोर असेल तितकं ती खाते, आणि मग पायाची हाडं आणि हृदय त्या वजनाला पुरत नाहीत. म्हणजे हिला जगवायचं असेल तर पोटभर खायला घालायचं नाही. ज्या कोंबड्यांपासून ब्रॉयलरची पिल्लं काढतात त्यांना फार्मवर सुद्धा मोजूनच खाणं देतात म्हणे, नाहीतर त्या टिकतच नाहीत.

सकाळी अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी वाटी, बाकी कोथिंबिरीच्या काड्या, मेथी, कोबीची पानं. आणि दर रविवारी वजन.

आईंना (माझ्या सासूबाई) हे पटेना. आमच्या घरात पाहुण्याला "आणखी घ्या" तीनदा म्हटल्याशिवाय जेवण होत नाही, आणि इथे मुका जीव वाटीकडे बघत ओरडतोय आणि सून वाटी उचलून आत नेतेय. पांढरी त्यांच्या पायाशी येऊन पदराला चोच लावायची. जानेवारीत दोन आठवड्यांत वजन 2 किलो 600 वरून 3 किलो झालं, मला कळेना कशाने. मग दिसलं, दुपारी सगळे झोपले की आई पोळीचे तुकडे दुधात भिजवून घालतायत, आणि सकाळचे उरलेले पोहे, वर शेव असलेलेच. शेवेतलं मीठ कोंबडीला चालत नाही. मी काही बोलले नाही, फक्त त्यांना बाहेर नेऊन पांढरीचा डावा पाय दाखवला. तळव्याला सूज, मधे काळी खपली, आणि ती दोन पावलं टाकून बसत होती. आई बराच वेळ तो पाय हातात धरून बसल्या. त्या दिवसापासून वाटी त्यांच्याच हाताने मोजली जाते, वरून बोट फिरवून सपाट केलेली.

पाय रोज कोमट मिठाच्या पाण्यात भिजवायचा, कोरडा करून मलम लावायचं, खाली लाकडाचा भुसा कोरडाच पाहिजे, ओला झाला की लगेच बदलायचा. भुसा आरा मशीनवरून पोत्याने आणतो.

तांबडी फेब्रुवारीत आली, गावरान, समोरच्या रिकाम्या प्लॉटवर एकटीच हिंडत होती आणि मागे मांजरं. संध्याकाळी अंधार पडल्यावर पकडली, कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही म्हणून ती तेव्हा शांत असते. तिला महिनाभर वेगळी ठेवली, रोगबिग असेल तर पांढरीला नको. मधेच तिची तपकिरी, चिकट, भयंकर वासाची शिट बघून मी घाबरून फोटो पाठवला, तर डॉक्टर म्हणाले ती आतड्याच्या बंद पिशवीतली, दिवसातून एक-दोनदा तशी होतेच, काळजी रक्त दिसलं तर करायची. आता तांबडी खुडूक बसलीये, म्हणजे उबवायला, खाली अंडं नसताना, हात लावला की अंग फुगवून गुरगुरते.

मे महिना सगळ्यात कठीण गेला. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकते, आणि पांढरीसारख्या जड पक्ष्याला ऊन लगेच लागतं. खुराड्यावर ओलं गोणपाट, उथळ परातीत गार पाणी, दुपारी बारा ते पाच ती न्हाणीघरात. वाटी पहाटे आणि सूर्यास्तानंतर, कारण पोट भरलेलं असलं की अंग अजून तापतं.

या रविवारी काटा 3 किलो 100 वर आहे. पाऊस थांबल्यावर दोघी अंगणात सोडल्या, तांबडी विटेवर चढून पिसं साफ करत होती, आणि पांढरी खाली उभी राहून बघत राहिली, मग पंख पसरून एकदम तीही चढली. एकच वीट आहे, आडवी ठेवलेली. आईंनी आतून सगळ्यांना हाक मारली. उंचीवरून उडी तिच्या पायाला नको म्हणून दुसरी वीट ठेवलेली नाही.