तिसरी केबल

मे महिन्यात मास्तरांची मारुती ८०० टोचन लावून गॅरेजला आली, तेव्हा मी गाडीकडे न बघता आधी आमच्या पोऱ्याकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता. फेब्रुवारीत क्लच प्लेट, मार्चमध्ये क्लच केबल, एप्रिलमध्ये पुन्हा केबल. सगळं काम आमच्याच हातचं.

मास्तर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले काकाजी. राहायला मानेवाड्याला, मुलगी उमरेडला, त्यामुळे महिन्यातून दोनदा उमरेड रोड ठरलेला. गाडी १९९८ची, नागपूर पासिंगची एमएच-३१, कार्ब्युरेटरवाली, चार गेअरची. डिकीत एक डायरी असते, त्यात गाडीवर झालेला प्रत्येक रुपया लिहिलेला. असं गिऱ्हाईक मला आवडतंही आणि त्याची भीतीही वाटते.

"भाऊ, गेअर पडूनच नाही राहिला. मेडिकल चौकात सिग्नल सुटला अन् मी तिथंच. मागचे पोट्टे हॉर्न वाजवून राहिले."

गेअर पडत नाही म्हटलं की लोक गेअर बॉक्स गेला असं धरूनच येतात, आणि काही गॅरेजवाले त्यांना तसंच धरू देतात, कारण बॉक्स उतरवायची मजुरी मोठी. खरं तर पहिली परीक्षा फुकटची आहे. इंजिन बंद करून चारही गेअर टाकून बघायचे. गुपचूप पडले तर बॉक्सला आणि गेअरच्या दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीला (लिंकेजला) हात लावायचं कारण नाही. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबायचा, तीनपर्यंत मोजायचं आणि रिव्हर्स टाकायचा. पुढच्या गेअरांना सिंक्रोमेश, म्हणजे गेअर पडायच्या आधी वेग जुळवणारी सोय असते, तो अर्धवट सुटलेला क्लच थोडाफार पोटात घालतो. या गाडीत रिव्हर्सला तो नाही, म्हणून रिव्हर्स खोटं बोलत नाही. कर्र वाजलं की समजायचं, पेडल तळाला गेलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही, प्लेट इंजिनबरोबर फिरतेच आहे.

मास्तरांच्या गाडीत बंद इंजिनवर गेअर मऊ, चालूवर रिव्हर्स कर्र. पोऱ्याला पेडल दाबायला लावलं आणि मी बोनेटमधून गेअर बॉक्सवरच्या, केबल ओढते त्या क्लचच्या आर्मवर नजर ठेवली. पेडल पूर्ण खाली, आर्म जेमतेम अर्धा सरकलेला. मॅट उचलून पाहिली, कारण एका गिऱ्हाईकाकडे पेडलखाली तीन मॅट निघाल्या होत्या आणि त्याला दुसरीकडे क्लच सेट बदलायला सांगितलं होतं. इथे मॅट साधी. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावर, केबलचं बूड टेकतं तिथला पत्राही शाबूत, दाबताना फुगत नव्हता. पेडल मात्र दगडासारखं जड, आणि सोडल्यावर म्हाताऱ्यासारखं हळूहळू वर येणारं. म्हणजे केबलच. तिसरी.

मार्चमध्ये मी म्हणालो होतो, जुनी होती, गेली. एप्रिलमध्ये म्हणालो, माल डुप्लिकेट आहे. स्पेअर पार्टवाल्याशी काउंटरवर भांडून ती केबल फुकट बदलून आणली, चार लोकांसमोर त्याला बोल लावले. वर मास्तरांना ऐकवलं की नागपूरचं ऊन आहे काकाजी, ४५ डिग्रीत प्लास्टिक टिकत नाही. शहरात हजारो गाड्या त्याच उन्हात उभ्या असतात, त्यांच्या केबली का विरघळत नाहीत, हा प्रश्न ना मला पडला, ना मास्तरांनी विचारला.

आणखी एक गोष्ट मार्चमध्येच त्यांनी सांगितली होती. "सेल्फ बी जरा जड फिरून राहिला." मी बॅटरीवर बोट ठेवलं. तीन वर्षं झाली, बदलून टाका म्हणालो. त्यांनी बदलली. सेल्फ थोडा सुधारल्यासारखा वाटला, नव्या बॅटरीनं वाटतोच. एक्सलेटर चिकटतो, असंही म्हणाले होते. त्यात मी तेल सोडलं.

या वेळी काढलेली केबल फेकली नाही, कापली. बाहेरचं आवरण ठीक, आतली प्लास्टिकची नळी वितळून तारेला चिकटलेली. उन्हानं असं आतून वितळत नाही. तरी नवी केबल बसवली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पोऱ्या केबल कुठे घासते का ते बघायला तिच्यावर हात ठेवून उभा राहिला आणि मी सेल्फ मारला. गाडी सकाळपासून शेडखाली उभी, इंजिन गार. सेल्फ कण्हत फिरला, लगेच पकडलं नाही, मी दाबूनच धरला.

"उस्ताद! चटका!"

हात लावून पाहिला. क्लचची केबल गरम. एक्सलेटरचीही. मी तसाच ड्रायव्हर सीटवर बसून राहिलो.

बाहेरच्यांना सांगतो. इंजिन आणि गेअर बॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून गेअर बॉक्सला अर्थची जाड वायर दिलेली असते. सेल्फ लहान गाडीतही शंभरेक अँपिअर सहज ओढतो, तेवढा करंट त्या वायरनं परततो. वायर मेली तर करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. क्लचची केबल, एक्सलेटरची केबल, लोखंड दिसेल ते. बिचारी केबल दर स्टार्टला हीटरच्या कॉइलचं काम करत होती.

मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गेअर बॉक्सच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, २.८ आले. मग जंपर केबलनं निगेटिव्ह थेट बॉक्सला जोडलं आणि सेल्फ असा फिरला की मास्तर स्टुलावरून उठले.

अर्थची वायर तर जागेवरच होती, दोन्ही टोकांचे बोल्ट घट्ट. ओढून पाहिली तेव्हा कव्हर रबरबँडसारखं ताणलं. आत टर्मिनलजवळ तांब्याचा हिरवा भुगा, ॲसिडनं खाल्लेला. फेब्रुवारीत बॉक्स उतरवताना ती वायर मुरडून बाजूला बांधली होती, शिल्लक धागे तेव्हाच तुटले असणार. बांधली मी की पोऱ्यानं, आठवत नाही. तो म्हणतो उस्ताद, तुम्हीच. असेलही.

सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच. पहिली केबल गेली तेव्हा मीच मास्तरांना शिकवलं होतं, क्लच गेला तर बंद गाडीत पहिला गेअर टाकायचा आणि सेल्फ मारायचा, गाडी झटका देऊन चालू होते, हळूहळू घर गाठता येतं. शहाणा विद्यार्थी, त्यांनी ते प्रत्येक वेळी केलं. गेअरमध्ये सेल्फवर सगळ्यात जास्त लोड येतो, म्हणजे केबल उरलीसुरली भाजून काढायचा मंत्र मीच दिला होता.

वेल्डिंगच्या केबलचा तुकडा कापला, तांब्याची टर्मिनल दाबून बसवली, बॉक्सचा बोल्ट घासून चकचकीत केला, वर व्हॅसलीन लावलं. एक्सलेटरची केबलही बदलली. पुन्हा मीटर लावला, ०.२. रिव्हर्स आवाज न करता पडला. स्पेअर पार्टवाल्याला अजून काही सांगितलेलं नाही. त्याच्या दुकानात आता मी पोऱ्याला पाठवतो.

केबलींसाठी घेतलेले पैसे मी परत केले. मास्तरांनी मोजून घेतले, डायरी उघडली, चष्मा लावला.

"ही अर्थची वायर कितीची?"

"अडीचशे. पण राहू द्या काकाजी."

त्यांनी २५० लिहिले आणि नोटा काउंटरवर ठेवल्या. मग दोन पानं मागे जाऊन एका ओळीवर बोट ठेवलं.

"मग बॅटरी खराब नव्हती म्हणा?"

"नव्हती."

"जुनी कुठं आहे?"

"एक्सचेंजमध्ये गेली."

तेही त्यांनी लिहून घेतलं.