काकांचा मेलबॉक्स

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या काकांना स्मृतिभ्रंश झाला आणि कोर्टाने मला त्यांची पालक नेमलं. बँकेची कामं त्या आदेशावर मार्गी लागली. ईमेल मात्र बंदच. विम्याचे हप्ते, वीजबिलं, साताऱ्याच्या घराचे कागद, सगळं त्यातच!

अमेरिकेत डिजिटल मालमत्तेसाठी २०१५ चा एक नमुना कायदा आहे. न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने स्वीकारलाय. आदेशाची प्रमाणित प्रत आणि लेखी अर्ज दिला की पालकाला फाइल्स, फोटो आणि मेलची यादी मिळू शकते: कुणाचा मेल, कधीचा. आतला मजकूर वाचायला मात्र सहसा खुद्द त्या माणसाची संमती हवी. काका आता ती देऊ शकत नाहीत.

मी आधी चिडले होते. पण काका हयात आहेत, आणि काकूंना लिहिलेली त्यांची पत्रं मी वाचावीत असं त्यांना कधीच वाटलं नसतं. कायदा इथे बरोबर आहे, असं मला मनापासून वाटतं. यादीत विमा कंपनीचं नाव सापडलं, तेवढ्यावर हप्त्यांचं काम झालं.

भारतात आईबाबांना वाटतं, मुखत्यारपत्र केलं की झालं. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मानसिक संतुलन ढळलं की साधं मुखत्यारपत्र संपतं. त्यामुळे या दिवाळीत दोघांबरोबर बसून कुठली खाती कुणी बघायची ते ठरवणार आहे.