आई, दादा आणि आजचा ऑल सोल्स डे

आज २ नोव्हेंबर, ऑल सोल्स डे, म्हणजे आपल्यातून गेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा दिवस, संध्याकाळी वसईला आमच्या चर्चच्या दफनभूमीत मिस्सा (फादर करतात तो प्रार्थनाविधी) होती. सकाळीच आईची आणि दादाची कबर धुवून घेतली, झेंडू लावला, आईसाठी अंगणातला सोनचाफा नेला, तिला तो केसात लागायचाच. वाऱ्याने मेणबत्त्या सारख्या विझत होत्या, मग बाजूच्या कबरीवरच्या काकींनी त्यांच्या मेणबत्तीवरून परत पेटवून दिल्या, मागच्या वर्षी काका गेले त्यांचे, आम्ही दोघी काहीच बोललो नाही नुसता हात धरून उभ्या राहिलो.

फादरांनी बायबलमधली लाजरची गोष्ट घेतली, येशूने आपल्या या मेलेल्या मित्राला परत जिवंत केलं ती. इतक्या वेळा ऐकलीय पण आज एकच गोष्ट मनात रुतली, की लाजरला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं आणि तरीही त्याच्या कबरीकडे जाताना तो रडला. म्हणजे माझं रडणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाहीये ना! लोक म्हणतात ते देवाघरी गेले आता रडू नकोस, प्रेमानेच म्हणतात, पण दादाचा आवाज ऐकावासा वाटतो त्याचं काय करायचं? रडायचं आणि पुनरुत्थानाची आशाही धरायची, दोन्ही एकदम होतं, मला आज ते खरंच पटलं. आई आणि दादा परत भेटणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत आले तेव्हा दादाच्या मुलीने मोठ्याने "आमेन" म्हटलं, अगदी त्याच्यासारखं.

तुमच्याही घरचं कुणी गेलं असेल तर नाव कळवा, आज रात्री रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत) त्यांच्यासाठी प्रार्थना करू 🙏